टर्बो बदलावा, गाडी विकावी की नणंदेची पेट्रोल गाडी घ्यावी?

खानापूरच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या बेळगावात हायस्कूलला शिकवतात, यजमानांचं हार्डवेअरचं दुकान आहे. घरची 2014 सालची डिझेल हॅचबॅक दीड लाख किलोमीटरच्या जवळ आली आहे. रोज खानापूर-बेळगाव येणं-जाणं, आणि माहेर साखळीला, त्यामुळे चोर्ला घाट ठरलेला. दोन महिन्यांपासून घाटात गाडी ओढत नाही, ॲक्सिलरेटर दाबला की काळा धूर येतो. गॅरेजवाल्यांनी सांगितलं, टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) गेला. नवा बसवायला मजुरीसकट 58 हजार, रिकंडिशन्ड 27 हजार. चालू स्थितीतल्या अशा गाडीला 2 लाख 10 हजारांची मागणी आहे, आहे तशी दिली तर 1 लाख 20 हजार. कोल्हापूरची नणंद आपली 2017 ची पेट्रोल गाडी 3 लाख 40 हजारांना द्यायला तयार आहे. यजमान म्हणतात नवीनच घेऊ, हप्ते भरू. हाताशी राष्ट्रीयीकृत बँकेत 1 लाख 80 हजारांची एफडी आणि क्रेडिट सोसायटीत पिग्मीचे, म्हणजे रोज थोडं थोडं भरायच्या ठेवीचे, साठेक हजार. मुलीची इंजिनिअरिंगची फी जुलैत भरायची आहे. "दोन लाखांच्या गाडीवर 58 हजार घालणं शहाणपणाचं आहे का?" असं त्यांनी विचारलंय.

ताई, गाडीची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च समोरासमोर ठेवून हा प्रश्न सुटणार नाही. दुरुस्ती केली नाही तर त्याऐवजी काय करावं लागेल आणि त्याला किती पडेल, ते दुरुस्तीच्या खर्चाशेजारी मांडा. तुमच्या गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षं 2029 मध्ये भरतात. त्यानंतर फिटनेस तपासून आरसी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. दहा वर्षांनी डिझेल गाडी बंद करावी लागते, असं कोणी सांगितलं असेल तर तो नियम दिल्ली आणि आसपासच्या भागापुरता होता, तुमच्या केए-22 म्हणजे बेळगावच्या नंबरला त्याचा संबंध नाही. म्हणजे सावधपणे धरलं तरी गाडी आणखी तीन वर्षं वापरता येईल. 58 हजार भागिले 36 महिने, म्हणजे महिन्याला साधारण 1,600 रुपये.

यजमानांच्या पर्यायाचा हिशेब असा. गाडीसाठी 7 लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता 14,700 च्या आसपास बसतो आणि पाच वर्षांत व्याजापोटी 1 लाख 80 हजारांवर जातात. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला, किमती उतरल्या, हे खरं. तरीही मुलीच्या फीच्या वर्षांत एवढा हप्ता मागे लावून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दुकानाचा धंदा पावसाळ्यात मंदावतो, हे तुम्हीच पत्रात लिहिलं आहे. हप्ता मात्र त्या चार महिन्यांतही तेवढाच राहणार.

आणि गाडी विकायचीच ठरली, तरी आहे तशी विकण्यात तोटा आहे. दोन मागण्यांमध्ये 90 हजारांचा फरक आहे, आणि नवा टर्बो बसवण्याचा कोट 58 हजारांचा. दुरुस्त करून, बिल दाखवून, घेणाऱ्याला सगळं खरं सांगून विकली तरी तुमचे पैसे निघतात.

मात्र हे सगळं टर्बोच गेला आहे असं धरून झालं. तुमच्या पत्रात तो गेल्याचा पुरावा कुठेच नाही. घाटात ओढत नाही आणि काळा धूर येतो, एवढ्यावरून निदान होत नाही. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने इंजिनला हवा कमी पडते आहे. ती का कमी पडते, याची कारणं पुष्कळ आहेत आणि त्यातली बरीचशी टर्बोच्या मानाने फार स्वस्त आहेत. टर्बोकडून आलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा रबरी पाईप चिरलेला असतो किंवा त्याची क्लिप ढिली असते. चढावर जोर दिला की फुस्स आवाज येतो आणि पाईपवर तेलाचा ओघळ दिसतो. टर्बोचा दाब सांभाळणाऱ्या ॲक्च्युएटरला जाणारी बारीक व्हॅक्यूम नळी फाटलेली असते. थोडा धूर परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व काजळीने उघडाच अडकलेला असतो, हवा मोजणारा सेन्सर मळलेला असतो, एअर फिल्टर धुळीने भरलेला असतो. सायलेन्सरच्या बाजूला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबला असला, तरी गाडी अशीच बसते. यातल्या एखाद्या कारणासाठी 58 हजारांचा टर्बो बसवला, तर घाटात गाडी पुन्हा तशीच बसेल आणि तुमचे पैसे गेलेले असतील.

म्हणून पहिला खर्च तपासणीचा. त्यासाठी दोन-तीन हजार बाजूला काढा, आणि ज्यांनी टर्बो विकायचा कोट दिला त्यांच्याकडे नको, दुसरीकडे करून घ्या. गाडीच्या संगणकाला स्कॅनर जोडून बिघाडाचे कोड वाचून घ्यायचे. पी0299 आला तर त्याचा अर्थ टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी पडतोय एवढाच; टर्बो फुटला असं तो कोड सांगत नाही. पुष्कळ मिस्त्री हा कोड पाहूनच कोट देतात. तपासणाऱ्या मिस्त्रींना गाडीत बसवून चढाच्या रस्त्यावर न्या आणि स्क्रीनवर दोन आकडे शेजारी शेजारी बघा: संगणकाने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब. त्याआधी इंजिन बंद ठेवून फक्त किल्ली फिरवली, की प्रेशर सेन्सरने बाहेरच्या हवेइतकाच दाब दाखवायला हवा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे, तिथे तो 92-93 किलोपास्कलच्या जवळपास असतो. आकडा फारच वेगळा आला तर आधी सेन्सरवर संशय घ्या.

आणखी एक गोष्ट तुम्ही स्वतः चढावर बघू शकता. इंजिनचा आवाज आणि आरपीएम वाढतात पण गाडी पुढे सरकत नाही, असं असेल तर क्लच प्लेट घसरते आहे, टर्बोचा काही दोष नाही. आरपीएमच वर जात नसेल, तर हवा किंवा डिझेल यांच्यात अडचण आहे. आणि गाडी थांबवून किल्ली बंद-चालू केल्यावर गाडी थोडा वेळ नीट पळून पुन्हा बसते का, हेही मिस्त्रींना सांगा. तसं होत असेल तर संगणक गाडीला स्वतःहून मंद करतो आहे आणि कारण बहुधा सेन्सर, नळी किंवा अडकलेला व्हॉल्व आहे.

टर्बो खरंच गेला की नाही, ते एअर पाईप सोडून हाताने बघता येतं. त्याचा दांडा लाखावर आरपीएमने फिरतो आणि तेलाच्या पापुद्र्यावर तरंगतो. त्यामुळे तो आडवा थोडासा हलणं साहजिक आहे, त्यावरून घाबरवू देऊ नका. तो मागे-पुढे हलत असेल, किंवा पंख्याची पाती आतल्या भिंतीला घासल्याच्या खुणा असतील, तर मात्र टर्बो संपला. पाईपमध्ये तेलाचा हलका ओलावा असणं चालतं. तेल साचलेलं असेल आणि धूर निळा येत असेल, तर गाडी घाटात नेऊच नका. फुटलेल्या सीलमधून इंजिन स्वतःचं तेल ओढू लागलं, की किल्ली बंद करूनही थांबत नाही.

तपासणीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट फुकट होते. इंजिन चालू ठेवून तेल ओतायचं झाकण उघडा. तिथून जोराने धूर फुसफुसत असेल, तर पिस्टन रिंगांपर्यंत गोष्ट गेली आहे. कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलेंडरमधल्या दाबाची तपासणी, करून घ्या. ते कमी निघालं, तर टर्बोवर एक रुपयाही घालू नका. अशा इंजिनच्या कामाचा खर्च लाखाच्या पुढे जाऊ शकतो. त्या वेळी 1 लाख 20 हजारांची मागणी घेऊन मोकळं व्हा.

टर्बो गेला आणि इंजिन ठणठणीत निघालं, तर नवा की रिकंडिशन्ड? तीन वर्षांसाठी 27 हजारांचा पर्याय मला चालतो, पण अटीवर. आतला पूर्ण कोअर (दांडा, पाती, बेअरिंग) बदललेला हवा, हाय-स्पीड बॅलन्सिंगचा कागद हवा आणि लेखी वर्षभराची वॉरंटी हवी. नुसतं बेअरिंग किट घालून देणार असतील, तर नवाच घ्या. तुमच्याकडून बेळगावचं उद्यमबाग आणि कोल्हापूरची शिरोली दोन्ही गाठता येतात, दोन्हीकडून भाव काढा. मोटर पार्ट्सवर आता 18 टक्के जीएसटी आहे. कोट जुन्या 28 टक्क्यांनी लावलेला नाही ना, हे बघून घ्या.

टर्बो सहसा आपणहून मरत नाही. तेल पोचलं नाही, तेल घाण होतं, किंवा फिल्टरमधून काहीतरी आत गेलं म्हणून तो जातो. ते कारण तसंच ठेवलं, तर नवाही काही हजार किलोमीटरमध्ये जाईल आणि विक्रेता वॉरंटी नाकारेल. म्हणून तेल पोचवणारा पाईप नवा, संप (इंजिनच्या तळाची तेलाची टाकी) उतरवून गाळणी साफ, तेल आणि फिल्टर नवे, इंटरकूलरमधलं तेल काढलेलं, हे सगळं बिलात लिहून घ्या. यासाठी आठ-दहा हजार वेगळे धरा. इन्शुरन्सकडून अपेक्षा नको. यांत्रिक बिघाड आणि झीज नेहमीच्या पॉलिसीत बसत नाही.

नणंदेच्या गाडीबद्दल. माणसं घरची आहेत, गाडीचा इतिहास माहीत आहे, म्हणून मोह होणं समजू शकतो. पण ती एमएच-09, म्हणजे कोल्हापूरच्या नंबरची आहे. बारा महिन्यांपेक्षा जास्त कर्नाटकात ठेवायची तर केए नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी कोल्हापूर आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28, मग इकडे गाडीची किंमत आणि वय बघून लाईफ टॅक्स. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग मागता येतो, पण त्याच्या फेऱ्या तुम्हालाच माराव्या लागतील. सीमेच्या दोन्ही बाजूंना नातेवाईक असलेली आपली पुष्कळ मंडळी हे पुढे ढकलतात आणि मग कोगनोळीजवळ गाडी अडवली की धावपळ करतात. शिवाय रोजच्या पंचावन्न किलोमीटरला पेट्रोलचा खर्च डिझेलपेक्षा महिन्याला दोन हजारांच्या वर जाईल. तुमचा टर्बो महिन्याला 1,600 चा आहे. जुनी गाडी विकलेले पैसे वजा केले तरी वर लाख-दोन लाख आणि कर घालायचा. हा पर्याय मी सोडून देतो. नणंदेला आत्ताच सांगून टाका, म्हणजे त्यांना दुसरं गिऱ्हाईक बघता येईल.

राहिला पैसा कुठून आणायचा. एफडी मोडू नका, तीच तुमची अडीअडचणीची शिल्लक आहे, आणि मोडली तर कमी झालेलं व्याज पूर्ण 1 लाख 80 हजारांवर लागेल. त्याच बँकेत एफडीवर कर्ज मागा. त्याचा दर सहसा एफडीपेक्षा एक-दोन टक्के जास्त असतो. 60 हजार सहा महिने वापरले आणि फरक दोन टक्के धरला, तर निव्वळ भार 600 रुपये. सोनेतारण नको, सोसायटीचं कर्ज तर नकोच. व्याज जास्त, वर शेअरची कपात. पिग्मीला वर्ष व्हायला थोडेच महिने उरलेत असं तुम्ही लिहिलंय. मुदतीआधी मोडली तर व्याज जातं आणि काही ठिकाणी कमिशनही कापतात. ती पूर्ण होऊ द्या, मिळालेल्या रकमेतून जुलैची फी भरा आणि उरलेले पैसे पुन्हा सोसायटीत न ठेवता बँकेत न्या. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, क्रेडिट सोसायटीतल्या ठेवीला तो नाही.

एफडीवरचं कर्ज महिना 10 हजारांनी फेडा. खानापूरहून सकाळी बेळगावला एसटी मिळते, त्यामुळे तपासणीसाठी गाडी आठवडाभर गॅरेजला ठेवायला लागली तरी शाळा अडणार नाही. त्या दिवसांत साखळीला जाणं मात्र टाळा. स्कॅनरचे आकडे, दांड्याची तपासणी आणि तेलाच्या झाकणाखाली काय दिसलं, हे तिन्ही कळवलंत, तर नवा की रिकंडिशन्ड यावर नेमकं सांगता येईल.