रेड-नीची टाकी लावताना

मेक्सिकन रेड-नी म्हणजे टॅरंट्युला जातीची मोठी, केसाळ कोळीण, जमिनीवर, बिळात राहणारी. दुकानदार कितीही आग्रह करो, तिला उंच टाकी नकोच. तिचं पोट फार नाजूक असतं. थोड्या उंचीवरून पडली तरी फुटू शकतं, आणि मग वाचणं कठीण. म्हणून मातीपासून झाकणापर्यंतचं अंतर तिच्या पसरलेल्या पायांच्या दीडपटीहून जास्त ठेवू नका. टाकी उंच घेतली असेल तर कोकोपीट वाढवा, 4-5 इंच तरी, आणि हाताने दाबून बसवा. मुठीत धरल्यावर गोळा व्हावा पण पाणी गळू नये, इतपतच ओल. वरचा थर सुकू द्या.

जाळीचं झाकण टाळा, नखं अडकून पाय तुटतो. भोकं पाडलेलं ॲक्रिलिक लावा, खटक्यासकट.

लपायला फुटक्या कुंडीचा अर्धा भाग चालतो, कडा घासून. उथळ वाटीत पाणी, स्पंज नको. गरम करायला बल्ब तर मुळीच नको, अंग सुकतं.

एक दिवस ती उताणी पडलेली दिसेल. घाबरू नका, कात टाकतेय. हात लावू नका. टाकीत रातकिडा उरला असेल तर तो मात्र आधीच काढलेला हवा, मऊ अंग कुरतडतो.