खोडरबर कुणाच्या हातात?

पोरी,

तुझा मेसेज दोनदा वाचला. कुठल्याशा फॉरवर्डवर विश्वास ठेवून आईनं मधुमेहाच्या गोळ्या सोडल्या, काढा पीत राहिली आणि मोरीत चक्कर येऊन पडली. तुझा संताप समजतो. पण त्याच संतापात तू लिहितेस, ‘आता सरकारनंच खरं-खोटं ठरवावं.’ इथे माझं डोकं फिरलं. कायदा शिकतेस ना तू?

ज्याच्याबद्दल बातमी, त्याच्या हाती खोडरबर द्यायचं नसतं.

वार्ताहर होतो तेव्हा एका दुष्काळात टँकरची बातमी दिली होती. कागदावर तीन खेपा, गावात एक. एका बाईनं हंडा उलटा करून दाखवला, तळाचा गाळ वाळून खपली धरलेला. दुसऱ्या दिवशी कार्यालयाचा खुलासा आला, ‘वृत्त निराधार’. आम्ही तो छापला, वर दिलगिरीही. हंडा मी डोळ्यांनी पाहिला होता, तरी शिक्क्याला घाबरलो. नोकरी नवी होती, घरी बहिणीचं लग्न होतं... असो.

2023 च्या एप्रिलमध्ये आयटी (माहिती तंत्रज्ञान) नियमांत जे घुसवलं, ते हेच. केंद्राच्या कारभाराबद्दलचा मजकूर ‘खोटा, बनावट, दिशाभूल करणारा’ आहे का, हे केंद्राचाच कक्ष ठरवणार. आणि त्यानं शिक्का मारलेला मजकूर ठेवला, तर लोकांच्या पोस्टसाठी समाजमाध्यम कंपनीला जबाबदार न धरणारं कायदेशीर संरक्षण धोक्यात. मग कोणती कंपनी तुझ्या-माझ्यासाठी भांडत बसेल? मुंबई उच्च न्यायालयात आधी दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले. तिसऱ्या न्यायमूर्तींच्या निकालानं 20 सप्टेंबर 2024 ला तो नियम गेला. निकाल मुळातून वाच, व्हॉट्सॲपवरचा सारांश नको.

आणि आयटी कायद्यातलं कलम 66अ, ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुराला शिक्षा देणारं? 2012 मध्ये पालघरच्या दोन मुलींना अटक झाली. एकीनं बंदबद्दल पोस्ट लिहिली होती, दुसरीनं नुसतं लाइक केलं होतं. ते कलम रद्द व्हायला 2015 उजाडलं. हेतू चांगला होता म्हणतात. हेतूचं काय करायचं, खोडरबर कुणाच्या हातात होतं ते सांग.

तू राईनपाड्याचं विचारशील. विचारच. 1 जुलै 2018, साक्री तालुका, रविवारचा बाजार. मुलं पळवणारे समजून भिक्षुकीला आलेल्या पाच नाथपंथी डवरी गोसाव्यांना ठेचून मारलं. त्या दिवसांत एक क्लिप देशभर फिरत होती. दुचाकीवरचे दोघे पोर उचलून नेतात. मूळ कराचीतली, मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात; पोर परत आणून सोडतात तो शेवट कापलेला. ती माझ्याही फोनवर आली होती. खोटी वाटली, तरी मी अक्षर लिहिलं नाही. ‘अफवेला कशाला प्रसिद्धी’ म्हणालो. शहाणपण वाटलं होतं तेव्हा. अजूनही मी स्वतःला सांगतो, लिहून काही थांबलं नसतं. रात्री मात्र पटत नाही.

त्याच जुलैत भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल, असं व्हॉट्सॲपनं केलं. अशी सक्ती सरकारनं कंपन्यांवर जरूर करावी. वेग आवर, पैसे देऊन काय पसरवलंस ते उघड कर, म्हणावं. चिथावणी देणाऱ्याला कोर्टात खेचावं. पण खोडरबर नाही. नाही म्हणजे नाही.

आईच्या फोनमधला तो ग्रुप डिलीट करू नकोस, ती चिडेल. शेजारी बसून तिच्या डॉक्टरांना फोन लाव, स्पीकरवर. उपाशीपोटीचा रिपोर्ट आला की मला आकडा कळव.

तुझा काका