फेरी मारताना हात खिशात नको

प्रिय पोरा,

अनेक आशीर्वाद. ट्रक तुझ्या ताब्यात आल्याचं कळलं. रोज निघण्याआधी गाडीभोवती फेरी मारायची हे तुला सांगितलं असेलच, खुणा करायचा तक्ताही दिला असेल. तक्ता भर, पण गाडी बघून भर. सीटवर बसून भरलेला तक्ता लगेच ओळखू येतो. त्यातल्या सगळ्या खुणा एकाच झटक्यात मारलेल्या असतात.

काल होती तशीच गाडी आज आहे का, एवढंच या फेरीत शोधायचं असतं. म्हणून फेरीचा क्रम रोज एकच ठेव. ड्रायव्हरच्या दारापासून निघ, पुढून वळसा घालून परत दारापाशी ये. मध्येच फोन आला किंवा कुणी हाक मारली, तर थांबलास त्याच्या एक चाक मागून पुन्हा सुरू कर. राहून जातं ते नेमकं अशाच वेळी.

आधी गाडीखालची जमीन बघ. गाडी हलवल्यावर डाग कुठल्या भागाखालचा होता हे सांगता येत नाही. त्यानंतर चार पावलं लांब जाऊन गाडी सरळ उभी आहे का बघ. एका अंगाला कलली असेल तर स्प्रिंगचा पाटा तुटलाय, टायरची हवा गेलीय किंवा माल सरकलाय. ऑईल सपाट जागेवर, इंजिन चालू करण्याआधी तपास. गरम रेडिएटरचं झाकण मात्र कधीच उघडू नकोस.

टायरवर दांडा आपटून हवा बघणारे खूप भेटतील. दांड्याने पूर्ण बसलेला टायर कळतो, पाव हिस्सा हवा गेलेला कळत नाही. हवेचा दाब मोजायचा गेज लाव, तोही टायर थंड असताना. चालून गरम झालेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो, तेव्हा हवा सोडू नकोस. जोडटायर, म्हणजे एकाच बाजूला शेजारी-शेजारी बसवलेले दोन टायर, त्यातला आतला जास्त फसवतो. तो बसला तरी बाहेरचा गाडी उचलून धरतो, दोघांचा भार एकटा ओढतो, तापतो आणि शेवटी तोच फुटतो. दोन्हींच्या मधे दगड अडकलाय का तेही बघ. आणि नेमलेल्या दाबाच्या 80 टक्क्यांच्या खाली जो टायर चालला, त्यात नुसती हवा भरून निघू नकोस. आतल्या तारा वाकून वाकून कमजोर झालेल्या असतात आणि हवा भरतानाच बाजू फाटू शकते. तो टायर उतरवून जाणकाराकडून आतून तपासून घे.

चाकाच्या नटांभोवती गंजाचे ओघळ किंवा घासून चकाकलेला पत्रा दिसला, तर नट ढिला आहे असं समज. चाक बदललं असेल तर 50 ते 100 किलोमीटरवर थांबून नट पुन्हा आवळून घ्यायचे. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, आतल्या बाजूला ऑईल ओघळलं असेल तर ते अडवणारं सील गेलंय, आणि ते ऑईल ब्रेकच्या लायनरवर उतरलं की त्या चाकाचा ब्रेक धरणार नाही.

हवेच्या दाबावर चालणाऱ्या एअर ब्रेकसाठी घाई नको. चाकांना उटी, म्हणजे अडसर, लाव, हवेचा दाब पूर्ण भरू दे, इंजिन बंद कर, हँडब्रेक सोड आणि पायाचा ब्रेक दाबून धर. दाबाचा काटा सुरुवातीला थोडा उतरतो, तो मोजू नकोस. त्यानंतर एका मिनिटात एकट्या गाडीला 3 पीएसआयपेक्षा आणि ट्रेलर जोडलेला असेल तर 4 पेक्षा जास्त उतरता कामा नये. त्या मिनिटात रेडिओ बंद, काच खाली. गळती बऱ्याचदा काट्याआधी कानाला कळते. मग इग्निशन चालू कर आणि ब्रेक दाबत-सोडत हवा उतरव. ठरलेल्या दाबाला हवा कमी झाल्याचा इशारा देणारा बझर वाजलाच पाहिजे. हवेच्या टाक्यांतलं पाणीही काढ. पाण्याबरोबर रोज ऑईल येत असेल तर टाक्यांत हवा भरणारा कॉम्प्रेसर दाखवून घे.

लाइट, इंडिकेटर, वायपर, आरसे, हॉर्न यांना दोन मिनिटं पुरे. मागचा ब्रेकलाइट एकट्याने बघायचा तर भिंतीवर पडणारा उजेड बघ. मालाचे पट्टे निघताना ताण आणि पहिल्या तासाभरात कुठेतरी थांबून पुन्हा ताण. धक्क्यांनी माल बसतो आणि पट्टे सैल पडतात.

हे सगळं सकाळचं झालं, पण मला विचारशील तर खरी फेरी संध्याकाळचीच. मुक्कामाला लागलास की जेवायला जाण्याआधी प्रत्येक हबजवळ हाताची मागची बाजू ने, टेकवू नकोस. एखादा हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर तिथला ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग जातंय. सकाळी सगळे हब थंडच असतात, तेव्हा यातलं काही कळत नाही. शिवाय संध्याकाळी मेकॅनिक मिळायची आशा असते. पहाटे निघायच्या वेळी तो झोपलेला असतो आणि फोनवर माल पोचवायची घाई करणारा माणूस मात्र जागा असतो.

त्या माणसाशी वाद घालू नकोस. कुठल्या चाकाला काय झालंय ते फोटोसकट पाठव, वहीत वेळ लिहून ठेव आणि दुरुस्ती झाल्याशिवाय गाडी हलवू नकोस. ‘हळूहळू ने’ असं तो म्हणेलच, तेव्हा ते त्याच्याकडून लेखी माग.

तुझा,
उस्ताद