आध्यात्मिक मार्गावर माणूस अचानक बदलतो की हळूहळू?

तुम्ही लिहिले आहे की, गेली सहा वर्षे तुम्ही नियमाने नामस्मरण करता, रोज अर्धा तास ध्यानाला बसता, आणि तरीही आपल्यात काही फरक पडल्याचे तुम्हाला जाणवत नाही. उलट तुमचा एक मित्र दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जाऊन आला, तो जणू दुसराच माणूस होऊन परतला. त्यावरून तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: खरा बदल अचानक होतो की हळूहळू, आणि एवढा वेळ लागत असेल तर मार्ग बदलावा का. मी कोणी अधिकारी पुरुष नाही. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझे बी-बियाणे, खते आणि औषधांचे दुकान आहे, आणि २००८ साली कार्तिक वद्य एकादशीला आळंदीत मी तुळशीची माळ घातली. माझ्या उत्तराचे वजन तेवढ्यापुरतेच धरावे.

माझ्या बाबतीत तुम्ही म्हणता ते दोन्ही प्रकार घडले, आणि तेही एकाच निर्णयातून घडले, म्हणून लिहावेसे वाटले. माळ घालण्यापूर्वी आठवड्यातून दोन-तीनदा मटण नाही तर मासे आणि दिवसाला गुटख्याच्या दहा-बारा पुड्या असा माझा क्रम होता. त्या एकादशीनंतर या दोन्हींपैकी काहीही पुन्हा तोंडात गेले नाही. पहिला महिनाभर डोके जड असायचे, एवढाच काय तो त्रास झाला. गावात लोकांना याचे मोठे नवल वाटले आणि, खरे सांगायचे तर, काही काळ मलाही आपण बदललो असेच वाटू लागले.

हा समज दोनेक महिने टिकला. पौषात एके दिवशी दुकानातल्या पोराच्या हातून तणनाशकाचा पाच लिटरचा कॅन निसटून फुटला आणि औषध फरशीवरून थेट बियाण्यांच्या पोत्यांखाली गेले. मी गल्ल्यावरून उठून त्याच्या अंगावर धावून गेलो, तोंडाला येईल ते बोललो आणि हातही उगारला. पोरगे एकोणीस-वीस वर्षांचे असेल. ते माझ्या उगारलेल्या हाताकडे पाहत नव्हते. त्याची नजर माझ्या गळ्यातल्या माळेवर होती. तो काही बोलला नाही आणि मीही मग काही बोललो नाही. त्या संध्याकाळी देवळात हरिपाठाला उभा राहिलो खरा, पण टाळ नुसताच हातात होता.

मटण एका दिवसात सुटले आणि राग मात्र जागचा हलला नाही, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. मला सापडलेले उत्तर फारसे आध्यात्मिक नाही. ताटात आलेला पदार्थ खायचा की नाही, हे माणसाला ठरवता येते. पदार्थ समोर येतो, मध्ये क्षणभर वेळ असतो आणि त्या वेळात निर्णय बसू शकतो. शिवाय माळ गळ्यात दिसली की सगळा गावच तुमची राखण करतो: जत्रेत तुम्हाला कोणी रस्सा वाढत नाही, तुमची पंगत वेगळी बसते, आणि चुकून हात पुढे झालाच तर शेजारचा माणूस आठवण देतो. रागाला असे ताट नसते. तो आला हे कळेपर्यंत शब्द तोंडातून गेलेला असतो, निर्णयाला शिरायला मध्ये जागाच नसते, आणि ती जागा तयार होणे हेच मुळी वर्षानुवर्षांचे काम आहे. म्हणून मला वाटते की, जे निर्णयाच्या कक्षेत येते ते अचानक बदलू शकते आणि जे सवयीने, आपल्याला न विचारता घडत असते ते झिजत झिजतच जाते. आपण मात्र एकाच माणसातल्या या दोन वेगळ्या गोष्टींना ‘बदल’ हा एकच शब्द लावतो आणि मग कोणता खरा यावर वाद घालत बसतो.

गीतेच्या नवव्या अध्यायातला ‘अपि चेत्सुदुराचारो’ हा श्लोक अचानक बदलाच्या बाजूने नेहमी सांगितला जातो. कितीही दुराचारी माणूस अनन्यभावाने भजू लागला, तर त्याला साधूच मानावे, असे तेथे म्हटले आहे. कीर्तनातही हा श्लोक येतो तेव्हा बहुधा भर ‘साधू’ या शब्दावर असतो. पण कारण काय दिले आहे तेही पाहावे: ‘सम्यग्व्यवसितो हि सः’, म्हणजे त्याचा निश्चय योग्य झाला आहे, म्हणून. तो धर्मात्मा होतो ही गोष्ट पुढच्या श्लोकात येते, आणि लवकर होतो असे म्हटले असले तरी ‘होतो’ हे क्रियापद वेगळे आहे. निश्चय झाला की त्याला साधू मानायचे, आणि त्यानंतर त्याने तसे व्हायचे, असा क्रम मला तेथे दिसतो. पौषातल्या त्या दिवशी मी मानला गेलेला साधू होतो, झालेला नव्हतो.

ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायातला पक्ष्याचा दृष्टांत तुम्हाला ठाऊक असेल. झाडाच्या शेंड्यावरच्या फळावर पक्षी एका झेपेत जाऊन बसतो; माणसाला तसे जमेल का? तो ‘हळूहळू ढाळेंढाळें’, एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर चढत, त्याच फळापाशी पोचतो. सांख्यांचा ज्ञानमार्ग आणि योग्यांचा कर्ममार्ग यांच्यासाठी ही उपमा आलेली आहे. मला त्यात मोलाचे वाटते ते हे की, माणसाला पंख नाहीत याबद्दल त्याला तेथे एका अक्षरानेही बोल लावलेला नाही. ज्याची जशी योग्यता तशी त्याची वाट. तुमच्या प्रश्नात स्वतःविषयी जो कमीपणा डोकावतो, त्याला निदान या ओव्यांत आधार मिळत नाही.

आता तुकोबांकडे येतो, कारण अचानक बदलाचे उदाहरण म्हणून आपल्याकडे त्यांचे नाव हमखास घेतले जाते. कर्जखतांची गोष्ट सर्वांनी ऐकलेली असते: धाकट्या भावाच्या वाट्याची खते त्याच्या हाती दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. माझ्या दुकानात उधारीची वही आहे आणि हंगामाच्या शेवटी तिच्यात किती रक्कम अडकलेली असते हे मला माहीत आहे, त्यामुळे ही गोष्ट मी कधी हलकेपणाने ऐकू शकत नाही. तो एका क्षणाचा निर्णय होता आणि तो पुरता होता. पण त्याच्या आधी काय होते? १६३०च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ होता, आटलेले द्रव्य आणि गेलेली पत होती, ‘अन्न अन्न’ करीत मेलेली बायको होती. अचानक जे कोसळले ते संकट होते, वैराग्य नव्हे.

आणि नंतर काय झाले, हे तर त्यांनी स्वतःच ‘याति शूद्र वैश्य केला वेवसाव’ या अभंगात ओळीने सांगून ठेवले आहे. मोडकळीला आलेले देऊळ दुरुस्त करावेसे वाटले. मग एकादशीला कीर्तन सुरू केले, आणि त्याविषयी ते लिहितात, ‘आरंभीं कीर्तन करीं एकादशी । नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं’. अभ्यासात मनच नव्हते, ही कबुली तुकोबांची आहे. पुढे त्यांनी संतांची वचने पाठ केली, तीही विश्वास आणि आदर धरून. पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभे राहून ध्रुपद, म्हणजे अभंगाचे पालुपद, धरले. अंग झिजवून जमेल तेवढा परोपकार केला. गुरूंचा स्वप्नातला उपदेश त्यानंतर येतो आणि कवित्वाची स्फूर्ती त्याच्याही नंतर. तेथेही गोष्ट संपत नाही, कारण मग वह्या बुडवण्याचा प्रसंग आहे आणि देवाच्या दारी धरणे धरून बसणे आहे. ज्याने रात्रंदिवस युद्धाचा प्रसंग असल्याचे लिहिले, त्याचे युद्ध खते बुडवली त्याच दिवशी संपले होते असे म्हणणे मला तरी जमत नाही. मी रोज संध्याकाळी टाळकऱ्यांच्या मागच्या रांगेत उभा राहतो, आणि तुकोबाही कधी काळी असेच मागे उभे राहून ध्रुपद धरत होते, हे आठवले की मला बरे वाटते.

एका झेपेत पोचलेली माणसे नसतातच, असा माझा दावा नाही. १८९६ साली मदुराईत सोळा वर्षांच्या एका मुलाला अकस्मात मृत्यूचे भय वाटले, तो आडवा पडून ‘मरते ते काय’ याचा शोध घेऊ लागला, आणि तेवढ्यात जे उमगले ते पुढे कधी ओसरले नाही, असे हा मुलगा, म्हणजे पुढचे रमण महर्षी, सांगत. मी ते खरे मानतो. मात्र त्याच वर्षी ते तिरुवण्णामलैला गेले आणि १९५० साली देह ठेवीपर्यंत तेथल्या अरुणाचल डोंगराच्या आसपासच राहिले, हे त्यांचे उदाहरण देणारे सहसा सांगत नाहीत. अशी माणसे मोजकीच असतात आणि त्यांच्या मोजपट्टीने आपली सहा वर्षे मोजण्यात अर्थ नाही.

तुमच्या मित्राच्या शिबिराबद्दल थोडे लिहितो, कारण इगतपुरीला धम्मगिरीवर मीही एकदा दहा दिवस बसलो आहे. पहाटे चारची घंटा, आर्य मौन, मोबाइल जमा केलेला, वाढलेले जेवण समोर. या सगळ्यात मन जे निवते ते खोटे नसते, पण त्यातला किती भाग साधनेचा आणि किती त्या आवाराचा, हे बाहेर पडल्यावरच कळते. माझी शांती परतीच्या गाडीत कल्याणपर्यंत टिकली. तेथे माझ्या जागेवर दुसरेच कुटुंब बसलेले होते. तरीही शिबिर वाया गेले असे मी म्हणणार नाही, कारण राग अंगात वर चढतो तो आधी छातीत जाणवतो की कानशिलांत, हे मला तेथे पहिल्यांदा दिसले, आणि पुढे दुकानात त्याचा उपयोग झाला.

अचानक बदललेल्या माणसालाही मागचे फेडावे लागते, याचे सर्वांत रोखठोक चित्र मला अंगुलीमालाच्या कथेत दिसते. दरोडेखोर एका भेटीत भिक्खू झाला, येथपर्यंतची कथा शाळेतल्या मुलांनाही माहीत असते. पाली ग्रंथात पुढे असेही आहे की, तो भिक्षेला गेला असता लोकांनी फेकलेले दगड-काठ्या त्याला लागल्या, आणि डोके फुटलेले, पात्र फुटलेले, चीवर फाटलेले अशा स्थितीत तो बुद्धांकडे परतला. बुद्धांनी त्याला सोसायला सांगितले, कारण ते त्याच्याच कर्माचे फळ होते. आतून माणूस बदलला होता. श्रावस्तीच्या रस्त्यावरच्या लोकांसाठी मात्र तो अजून बदलायचा होता.

आता, ‘मला बदल जाणवत नाही’ या तुमच्या वाक्याविषयी. पाली ग्रंथांतच सुताराच्या वाकसाची, म्हणजे लाकूड तासायच्या अवजाराची, उपमा आहे. वाकसाच्या दांड्यावर सुताराच्या बोटांचे आणि अंगठ्याचे ठसे उमटलेले दिसतात, पण आज दांडा इतका झिजला, काल इतका झिजला, असे त्याला सांगता येत नाही; झिजल्यावर एवढेच कळते की झिजला. माझ्या दुकानात हे असे कळले. पूर्वी माझ्याकडे काही फुटले किंवा सांडले की ते मला आठवड्याने, पंधरवड्याने कळायचे, तेही रिकाम्या खोक्यात किंवा पोत्यांच्या मागे काचा सापडल्या की. माणसे माझ्यापासून लपवत होती. माळ घातल्याला नऊ-दहा वर्षे झाली असतील, तेव्हा एकदा वर्षअखेरीला माल मोजताना लक्षात आले की, यंदा लपवलेले काहीच सापडले नाही. जे फुटले ते त्याच दिवशी मला सांगितले गेले होते आणि वहीत मांडलेही गेले होते. हे कोणत्या महिन्यापासून सुरू झाले, कोणी पहिल्यांदा येऊन सांगितले, मला आजही आठवत नाही. मी स्वतःला विचारले असते, तर राग तसाच आहे असेच उत्तर दिले असते.

तेव्हा तुम्हीही स्वतःला विचारू नका, असे सुचवतो. ध्यानाला बसल्यावर कसे वाटते, यावरून तर मुळीच मोजू नका. घरातली, कामावरची माणसे तुमच्यापासून काय लपवतात आणि पूर्वी काय लपवत होती, ते पाहा. तेथेही सहा वर्षांत काहीच हलले नसेल, तर साधनेविषयी कोणा जाणत्याशी जरूर बोलावे. पण केवळ वेग कमी आहे म्हणून वाट सोडू नये. दर दोन वर्षांनी नवी विहीर खणायला घेणाऱ्याला पाणी लागत नाही, हे आमच्या भागातल्या कोणालाही सांगावे लागत नाही. आणि सगळेच झिजते असेही नाही: सख्ख्या भावाशी बांधावरून माझे जे वाकडे आहे, ते अजून होते तेथेच आहे, आणि पोळ्याला समोरासमोर आलो की माझी मान आपोआप दुसरीकडे वळते.

तुमच्या मित्राच्या बदलावर शंका घेऊ नका आणि त्याच्याशी स्वतःची तुलनाही करू नका. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने तो एखाद्या दिवशी घरात पूर्वीसारखाच ओरडेल, आणि ते सगळे खोटेच होते असे त्याला वाटू लागेल. त्या दिवशी तो बहुधा तुम्हालाच फोन करील. सहा वर्षे रोज अर्धा तास बसलेला माणूस त्याच्या ओळखीत दुसरा कोण आहे?