व्हिक्टोरियन काळातील पुष्पप्रदर्शनांत गुलाबाच्या नव्या जातींचे स्वागत कसे होत असे?

नव्या जातीचे भवितव्य प्रामुख्याने तिच्या एकेका फुलावर ठरत असे आणि झुडपाचा जोम, काटकपणा किंवा बागेतील शोभा यांना फारसे महत्त्व मिळत नसे. १८५८ मध्ये सॅम्युअल रेनल्ड्स होल या धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने लंडनच्या सेंट जेम्सेस हॉलमध्ये पहिले राष्ट्रीय गुलाब प्रदर्शन भरले; पुढे १८७६ मध्ये नॅशनल रोझ सोसायटी स्थापन झाली आणि तिची पदके रोपवाटिकांना विक्रीसाठी मोलाची ठरू लागली. हिरव्या रंगाच्या लाकडी पेट्यांत शेवाळ अंथरून फुले ओळीने मांडली जात, त्यामुळे मोठे, भरगच्च, मधोमध उंच उठलेले फूल जिंकत असे.

हेन्री बेनेट यांनी १८८२ मध्ये आणलेली ‘लेडी मेरी फिट्झविल्यम’ ही जात याचे बोलके उदाहरण आहे, कारण तिचे झुडूप अशक्त असूनही भव्य फुलामुळे तिला मान मिळाला आणि पुढील कितीतरी हायब्रीड टी (मोठ्या फुलांच्या संकरित वर्गातील) गुलाबांची ती जननी ठरली. गुरे पाळणाऱ्या बेनेट या शेतकऱ्याने पशुपैदाशीप्रमाणे मातापिता निवडून संकर केले, हे मला त्या काळातील सर्वांत महत्त्वाचे पाऊल वाटते.

‘क्रिमसन रॅम्बलर’ हा जपानहून आलेला, झुपक्यांनी फुलणारा वेल मात्र पेटीच्या निकषांत बसणारा नव्हता. तरीही इंग्लंडमधील स्लाउ येथील चार्ल्स टर्नर यांच्या रोपवाटिकेने १८९३ मध्ये तो बाजारात आणताच लोकांनी त्याला डोक्यावर घेतले.