एक दिवस उशिरा उतरा, पंचवीस दिवस जास्त राहा

प्रश्न: मी आणि माझे यजमान, दोघांकडे भारतीय पासपोर्ट आणि फ्रान्सच्या वकिलातीने दिलेला मल्टिपल एंट्री शेंगेन व्हिसा आहे. मुदत 1 मार्च 2026 ते 28 फेब्रुवारी 2027, मुक्काम 90 दिवस. त्यावर 10 मे ते 3 जून 2026 या काळात आम्ही फ्रान्स आणि स्वित्झर्लंड पाहून आलो. ऑक्टोबरमध्ये जर्मनीत मुलीचे बाळंतपण आहे. 1 सप्टेंबरला पोहोचून जानेवारीच्या मध्यापर्यंत राहायचे आहे. परतीची तारीख ठरत नसल्याने एकेरी तिकीट काढावे म्हणतो. एजंट म्हणतात, काउंटरवर दाखवायला डमी तिकीट बनवून देतो, आणि नव्वद दिवस झाले की दोन दिवस लंडनला जाऊन या, मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. हे कायद्यात बसते का?

उत्तर: नाही बसत, एजंटच्या सल्ल्यातले काहीच. डमी तिकिटाने बनावट कागद वापरल्याचा ठपका येऊ शकतो आणि लंडनच्या फेरीने तुम्ही शेंगेन हद्दीत, म्हणजे आपसात सीमा-तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात, बेकायदा राहणाऱ्या ठरता. मुलीला तुमची सर्वांत जास्त गरज असेल त्या दिवसांत यातले काहीही ओढवून घेऊ नका. पण तुमच्या पत्रात आणखी एक अडचण दडली आहे आणि ती एजंटच्या लक्षात आलेली दिसत नाही. 1 सप्टेंबरला उतरलात तर तुम्हाला नव्वद नव्हे, पासष्टच दिवस मिळतील.

व्हिसाच्या स्टिकरवर ‘पासून–पर्यंत’ या तारखा असतात, त्या फक्त व्हिसा कोणत्या काळात वापरता येईल ते सांगतात. प्रत्यक्ष किती राहायचे, हे मुक्कामाचे दिवस आणि शेंगेन सीमा संहितेचे कलम 6 ठरवते: कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस. हे 180 दिवस कॅलेंडरच्या सहामाहीचे नाहीत, व्हिसा सुरू झाल्यापासूनचेही नाहीत. तुम्ही तिथे असाल त्या प्रत्येक दिवशी, तो दिवस धरून, 180 दिवस मागे जायचे आणि त्यात शेंगेनमध्ये काढलेले सगळे दिवस मोजायचे. येण्याचा दिवस पूर्ण, जाण्याचा दिवसही पूर्ण. ही बेरीज एकाही दिवशी 90 च्या वर जाता कामा नये.

तुमचा मे-जूनचा मुक्काम असा मोजला की 25 दिवसांचा होतो. 1 सप्टेंबरला उतरलात तर 4 नोव्हेंबरला तुमचे तिथले 65 दिवस होतात. जुने 25 मिळवून बेरीज 90. दुसऱ्या दिवशी, 5 नोव्हेंबरला, 180 दिवस मागे गेले की बरोबर 10 मे येतो, म्हणजे जुन्या पंचविसातला एकही दिवस अजून सुटलेला नसतो. बेरीज 91. म्हणून 4 नोव्हेंबरला बाहेर पडावेच लागेल.

आता 2 सप्टेंबरला उतरा. 5 नोव्हेंबरला बेरीज 90 होते. 6 नोव्हेंबरला मागची हद्द 11 मेवर येते आणि 10 मेचा दिवस हिशेबातून निघून जातो. तिथून पुढे रोज एक नवा दिवस चढतो आणि एक जुना उतरतो, बेरीज 90 वरच राहते. जुने पंचवीसही संपले की 30 नोव्हेंबरला तुमचे सलग 90 दिवस पूर्ण होतात. एका दिवसाच्या फरकाने 65 चे 90! तरीही मी तुम्हाला 2 सप्टेंबर सुचवणार नाही, कारण इतक्या काठावर एखादी तारीख वाचताना झालेली चूकही महागात पडेल. 5 सप्टेंबरला उतरा, म्हणजे 3 डिसेंबर हा नव्वदावा दिवस. यात उतरण्याची तारीख म्हणजे शेंगेनमधल्या पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन होते ती तारीख. तुमच्या दोघांच्या पासपोर्टवर मे-जूनचे शिक्के असतील तर ते पुन्हा तपासा आणि युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावरच्या मुक्काम-गणकात तारखा घालून हा हिशेब पडताळून घ्या. 12 ऑक्टोबर 2025 पासून युरोपने शिक्क्यांच्या जागी प्रवेश-निर्गमनाची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू केली आहे. शिक्का पुसट होता, अधिकाऱ्याच्या नजरेतून सुटला, असल्या भरवशावर आता राहता येत नाही.

लंडनचे पाहू. तिथे काढलेले दिवस शेंगेनच्या मोजणीत धरत नाहीत, एवढेच खरे आहे. पण आधीचे 90 दिवस त्यामुळे पुसले जात नाहीत. 3 डिसेंबरला नव्वद भरले तर पुढचे पूर्ण 90 दिवस शेंगेनबाहेर काढल्याशिवाय परत पाऊल ठेवता येत नाही, आणि ते संपतात 3 मार्च 2027 ला. तुमचा व्हिसा त्याआधीच, 28 फेब्रुवारीला संपलेला असेल. शिवाय लंडनसाठी ब्रिटनचा स्वतंत्र व्हिसा लागेल. ‘बाहेर’ म्हणून कोणी क्रोएशिया, रुमानिया किंवा बल्गेरिया सुचवत असेल तर ती माहिती जुनी आहे: क्रोएशिया 2023 पासून आणि उरलेले दोन 1 जानेवारी 2025 पासून पूर्णपणे शेंगेनमध्ये आहेत.

मग जानेवारीपर्यंत मुलीजवळ कोण? यावर सरळ मार्ग आहे. मोजणी प्रत्येक माणसाची वेगळी असते. दोघांनी एकदम जाण्याऐवजी तुम्ही 5 सप्टेंबर ते डिसेंबरचा पहिला दिवस असे राहा, आणि यजमानांनी 15 नोव्हेंबरला जावे. तोवर त्यांच्या उन्हाळ्यातल्या दिवसांपैकी पंधराच हिशेबात उरलेले असतील आणि तेही रोज एकेक गळत जातील. 12 फेब्रुवारीपर्यंत त्यांना अडचण नाही. बाळंतपणाआधी आणि नंतर आईचा आधार, पुढे आजोबांचा, आणि मधले दोन आठवडे दोघेही. जर्मनीचा दीर्घ मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा मिळाला तर ही मोजणी लागूच होत नाही, पण केवळ नातवंडाची काळजी घेण्यासाठी तो मिळण्याची आशा धरू नका. इतर नातेवाइकांसाठी जर्मन कायदा सर्वसाधारणपणे असाधारण हालअपेष्टेची अट घालतो. व्हिसा फ्रान्सचा आणि जाणे जर्मनीला, याची मात्र चिंता नको. पहिला प्रवास फ्रान्सचाच झाला आहे आणि व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे.

आता तिकीट. एकेरी तिकीट बेकायदा नाही. पण सीमा संहिता प्रवाशाकडून मुक्कामाचे कारण, राहण्याचा व परतीचा खर्च पेलण्याची ऐपत आणि परतण्याचा हेतू यांचा पुरावा मागू शकते, आणि संहितेच्या पहिल्या परिशिष्टात अशा पुराव्यांत परतीचे तिकीट आहे. विमान कंपनीचा धाक याहून मोठा असतो. युरोपीय संघाच्या 2001 च्या निर्देशानुसार योग्य कागदपत्रे नसलेला प्रवासी आणल्यास कंपनीला प्रत्येक माणसामागे हजारो युरोंचा दंड होतो, शिवाय त्याला परत नेण्याची जबाबदारीही तिचीच. म्हणून काउंटरवरचे कर्मचारी आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या टिमॅटिक या संगणकीय यादीत, कोणत्या प्रवाशाला कोणते कागद लागतात ते पाहतात आणि शंका आली तर बोर्डिंग पास अडवून ठेवतात.

म्हणून परतीचे खरे तिकीट काढा, तारीख बदलता येणारे, आणि त्यावरची तारीख नव्वदाव्या दिवसाच्या दोन-तीन दिवस आधीची ठेवा. काढताना भाड्याचे नियम उघडून वाचा: ‘बदल मोफत’ असले तरी भाड्यातला फरक भरावा लागतोच, आणि उड्डाणाच्या आधी बदल नोंदवला नाही तर बऱ्याच भाड्यांत परतीचा भाग बुडतो. दुसरा पर्याय पूर्ण परतावा मिळणाऱ्या पुढच्या प्रवासाच्या तिकिटाचा, पण ते शेंगेनच्या बाहेर जाणारे हवे. फ्रँकफर्ट ते ॲमस्टरडॅम तिकीट दाखवून काही सिद्ध होत नाही. जिथे जाणार तिथे प्रवेशाचा हक्कही हवा. ब्रिटनचा व्हिसा नसताना लंडनचे तिकीट म्हणजे नवा प्रश्न ओढवून घेणे.

डमी तिकीट या नावाखाली दोन गोष्टी खपतात. एक म्हणजे विमान कंपनीच्या प्रणालीत खरोखर केलेले, पैसे भरण्याआधीचे आरक्षण. त्याचा पीएनआर खरा असतो आणि व्हिसाच्या अर्जासोबत असे आरक्षण चालते. पण ते आपोआप रद्द होते, आणि प्रवासाच्या दिवशी काउंटरवर तपासले तर तिथे काहीच नसते. दुसरे म्हणजे जुन्या पीडीएफमध्ये नाव-तारखा बदलून केलेला कागद. तो बनवणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 336 खालील बनावटगिरी, आणि माहीत असून खरा म्हणून वापरणे कलम 340 खाली येते. कागद एजंटने बनवला, हा तुमचा बचाव होत नाही. सीमेवर तो उघड झाला तर प्रवेश नाकारला जातो आणि व्हिसाही जाऊ शकतो. नकाराविरुद्ध अपील असते, पण अपिलाने नकाराला स्थगिती मिळत नाही. परतीच्या विमानात बसावेच लागते.

हातातल्या पिशवीत ठेवायचे कागद: मुलीचे निमंत्रणपत्र, तिच्या पत्त्याचा आणि निवास परवान्याचा पुरावा, प्रसूतीची अपेक्षित तारीख लिहिलेले डॉक्टरांचे पत्र, बँकेची विवरणपत्रे, आणि शक्य असल्यास मुलीने तिथल्या कार्यालयात जर्मन निवास कायद्याच्या कलम 68 खाली दिलेली खर्चाची हमी. विमा किमान 30,000 युरोंचा आणि या मुक्कामाचे सगळे दिवस व्यापणारा हवा. मे महिन्याचा विमा आता उपयोगाचा नाही, आणि तिकिटाची तारीख पुढे ढकललीत तर विमाही त्याच दिवशी वाढवा. हे फार जण विसरतात. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असला पाहिजे.

सगळे नीट असूनही काउंटरवर अडवले, तर आवाज न चढवता पर्यवेक्षकाला बोलवा, कोणत्या अटीवर अडवत आहेत ते टिमॅटिकमध्ये दाखवायला सांगा आणि नकाराचे कारण लेखी घ्या. युरोपीय संघातल्या कंपनीचे विमान असेल तर प्रवासी हक्कांचा नियम 261/2004 तुम्हाला लागू होतो. कागदपत्रे अपुरी असतील तर भरपाई नाही; पण कागदपत्रे अपुरी आहेत हे कंपनीचे म्हणणे अंतिम नसते, असे युरोपीय संघाच्या न्यायालयाने ब्लू एअर या विमान कंपनीच्या प्रकरणात 30 एप्रिल 2020 रोजी स्पष्ट केले आहे. लेखी कारणाशिवाय ही बाजू मांडणे अवघड जाते.

तिथे गेल्यावर आजारपण आले, किंवा शेवटच्या दिवसांत विमानच रद्द झाले, तर व्हिसा संहितेचे कलम 33 मुदतवाढ देते. अनिवार्य किंवा मानवतावादी कारण असेल तर विनामूल्य, गंभीर वैयक्तिक कारण असेल तर 30 युरो. जर्मनीत नव्वदापुढचे दिवस अशा कारणासाठी राष्ट्रीय व्हिसा म्हणून वाढवता येतात, पण तो निर्णय अधिकाऱ्याच्या हातात असतो. अर्ज परदेशी नागरिकांच्या स्थानिक कार्यालयात, दिवस संपण्याआधीच पोहोचला पाहिजे, सोबत रुग्णालयाचे प्रमाणपत्र किंवा विमान कंपनीचे रद्द झाल्याचे पत्र जोडून. मुदत उलटून गेल्यावर देश सोडण्याचा आदेश आणि प्रवेशबंदी, जी सर्वसाधारणपणे पाच वर्षांपर्यंत असू शकते, यांचा विषय सुरू होतो. म्हणून मुलीला त्या कार्यालयाचा ईमेल पत्ता आणि भेटीची वेळ मिळवण्याची पद्धत तुम्ही निघण्याआधीच शोधून ठेवायला सांगा. मोठ्या शहरांत ती वेळ मिळायला आठवडे लागतात.