हिब्रू धर्मग्रंथात दावीद राजाची वंशावळ एवढ्या तपशिलाने का दिली आहे?

ही वंशावळ नावांची नुसती जंत्री नसून राजघराण्याच्या हक्काची नोंद आहे. ‘पहिला इतिहास’ या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात दावीदाचा पुत्र शलमोन याच्यापासूनचे राजे भराभर येऊन जातात, परंतु इ.स.पू. ५९७ मध्ये बंदिवान होऊन बाबेलला गेलेल्या यहूदाच्या यखन्या राजानंतर, म्हणजे गादीच हातची गेल्यावरही, यादी न थांबता त्याच्या मुलानातवंडांची नावे पिढ्यान्‌पिढ्या सांगत राहते, कारण दावीदाचे घराणे टिकेल हे देवाचे वचन लेखकाला जागते ठेवायचे आहे. तपशिलांचा मेळ मात्र सर्वत्र बसत नाही: यखन्याचा वंशज जरुब्बाबेल येथे पदायाचा पुत्र आहे, तर हाग्गयाच्या ग्रंथात शल्तिएलाचा. माझ्या मते रूथच्या ग्रंथाअखेरची वंशावळ अधिक बोलकी आहे. पेरेसापासून दावीदापर्यंतच्या त्या दहा पिढ्यांत नावे पुरुषांचीच असली, तरी राजाची पणजी रूथ परकी, शेजारच्या मवाब देशातली होती, हे आधीची कथा मुळीच लपवत नाही.